प्रवासांतील विसावा
(धर्मग्रामाच्या महोत्सवांत विवाहितांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



आम्ही उभयतांनीं आपणांपुढें दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली. आमचा अधिकार तो काय? आम्ही ना विद्वान, ना वक्ते. सत्तावीस वर्षें एका चुलीचें अन्न खाल्लेलीं दोन माणसें. पतिपत्नी प्रवासास गेलीं असतां देहास विश्रांति व आत्म्यास नवें बळ कसें लाभतें, हा विषय आम्हांस नेमून दिला आहे. आम्हांस तें लाभलें खरें, पण प्रवासाचे पहिले तीन दिवस आम्हीं व्यर्थ घालविले, हें आधींच कबूल करतों.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. वडिलांच्या पश्चात् वाडीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशीं आमचें बिनसलें होतें. वाद जमिनीचा म्हणावा तर तोही नव्हे. विहिरीच्या पाण्याचा होता. केळींना कोणीं केव्हां पाणी सोडावें येवढ्यावरून चार वर्षें अबोला! शेजारीं राहून दादाच्या घरचें नाताळचें ताट आमच्या घरीं येईना, आमचें त्यांच्याकडे जाईना. सायंकाळची जपमाळ घरांत चाले, पण तींत आवाज एकटीचा असे. पति ओट्यावर बसून राही. आमचे चेहरे पाहून मुलांनींच गोव्याचीं तिकिटें काढून दिलीं.

आमच्या आजोबांस गोव्यास जावयाचें तर भाऊच्या धक्क्यावर जाऊन आगबोट धरावी लागे. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सुरू झाल्यापासून रात्रीं गाडींत बसावें आणि सकाळीं करमळीस उतरावें. उतरलों आणि धांवाधांव सुरू झाली. समुद्रकिनारे, किल्ले, बाजार. जें मुलांनीं कागदावर लिहून दिलें होतें तें सर्व पाहिलेंच पाहिजे! राहण्याच्या जागीं न्याहारी फुकट आहे म्हणून सकाळची मिस्सा चुकविणारीं माणसें आम्हीं तेथें पाहिलीं, तीं आम्हींच. रात्रीं पाय दुखत आणि घरची विहीर पुन्हा आमच्या दोघांमध्यें येऊन बसे.

चौथ्या दिवशीं जुन्या गोव्यास गेलों. बॉम जेजूचें तें जांभ्या दगडाचें महामंदिर १६०५ सालीं अभिषिक्त झालें. आंत उंचावर चांदीच्या पेटींत संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचें पवित्र शरीर ठेविलेलें आहे. १५४२ सालीं हे गोव्यास उतरले, आपल्या वसईसही येऊन गेले, जपानपर्यंत पोंचले, आणि १५५२ च्या डिसेंबरांत चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर त्यांनीं प्राण सोडला. मृत्यूनंतरही प्रवास संपला नाहीं. मलाक्केवरून त्यांचें शरीर १५५४ सालीं गोव्यास आलें. दहा वर्षांत अर्धी पृथ्वी तुडविणाऱ्या त्या पुरुषाच्या समाधीपुढें आम्ही तीन दिवसांच्या सहलीनें थकून बसलों होतों!

मिस्सा कोंकणींत होती, बहुतेक समजली. ख्रिस्तप्रसादाच्या वेळीं पत्नी उठली, पति बाकावरच राहिला. परतून आल्यावर तिनें कांहीं विचारलें नाहीं. बाहेर पडून आम्ही डोंगरमाथ्यावरील पवित्र मातेच्या देवळाकडे चढून गेलों. तेथून खालीं मांडवी व पलीकडे दिवाडी बेट दिसतें. पायऱ्यांवर कोणी नव्हतें.

"अहो, तुम्ही आलां नाहींत," ती म्हणाली.

"कोणत्या तोंडानें येऊं? भावाशीं बोलत नाहीं मी."

मग बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं पत्नीच म्हणाली, "विहिरीची गोष्ट मीच वाढविली. जाऊबाई साधें बोलल्या होत्या. मी तुम्हांस तिखटमीठ लावून सांगितलें. आणि आज मी पुढें जाऊन प्रसाद घेतला."

चार वर्षें एका घरांत राहून जें सांगतां आलें नाहीं, तें परक्या गांवच्या पायरीवर सांगतां आलें. घरीं असतें तर कोणी हांक मारली असती, दूध उतूं गेलें असतें, फोन वाजला असता.

संत लूकच्या शुभवर्तमानांतील एक प्रसंग आम्हांस तेथें आठवला. वल्हांडणाचा सण आटोपून मारिया व योसेफ परत निघालीं तेव्हां बाळ येजू मंडळींत असेल असें धरून तीं एक दिवसाची वाट चाललीं. मग नातलगांत शोधलें, सांपडला नाहीं. आलेली वाट पुन्हा तुडवून यरुशलेमास जावें लागलें, तेव्हां तिसऱ्या दिवशीं मंदिरांत भेटला. त्या पवित्र दांपत्याचा दोष कांहीं नव्हता. आम्ही मात्र चार वर्षें तो बरोबर आहे असें धरून चाललों होतों, आणि आमच्या नातलगांत तर शोधण्याचेंही धाडस केलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोघांनींही पापनिवेदन केलें. पुढील दोन दिवस कागद घडी करून पिशवींत टाकला. बोटीच्या सहलीचे पैसे बुडाले, त्याची हळहळ पतीला अजून आहे. फेरीबोटीनें दिवाडीस गेलों, झाडाखालीं बसलों, दुपारीं झोंपलों. संध्याकाळीं नदीकांठीं जपमाळ केली, दोन आवाजांत. चार वर्षांनीं आम्हांस गाढ झोंप लागली ती त्या रात्रीं.

प्रवासास निघणाऱ्या जोडप्यांस सांगावयाचें तें थोडेंच आहे. जेथें उतराल तेथें न्याहारीच्या आधीं मिस्सेची वेळ विचारा, आणि निदान एक दिवस असा ठेवा कीं ज्या दिवशीं कोठेंच जावयाचें नाहीं. रिकामा वेळ प्रथम जड जातो, आम्हांसही गेला. पण बोलणें निघतें तें त्याच वेळीं.

परत आलों तेव्हां सकाळचे साडेसहा वाजले होते. पिशव्या ओट्यावर ठेवल्या, कुलूप न काढतांच वाडींतून दादाच्या दारीं गेलों. दादा केळींना पाणी सोडीत होता. आम्हांस पाहून त्यानें फावडें टेकून ठेवलें. बोलण्यास शब्द सुचेना, म्हणून पत्नीनें बिबिंकेचा पुडा पुढें केला. त्यानें तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलें, "गाडी वेळेवर आली का?" मग आंत हांक मारून तीन कप चहा सांगितला. जाऊबाईंनीं चार आणले.

वाटणीचे कागद अद्याप पुरे झालेले नाहींत. मोजणी व्हावयाची आहे. पाणी मात्र आतां सोमवारीं आणि गुरुवारीं आमच्याकडे येतें.