आपल्या मंडळाचा आकडा
(आकाशवाणीवरील भाषण)



शिरूर आणि दौंडचा शेतकरी पावसाच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसलेला असतो. अरबी समुद्राकडून आलेले ढग पहिली वाढणी सह्याद्रीवर करतात. लोणावळ्याच्या पानात वर्षाला सुमारे 4,000 मिलिमीटर पडतं. वाढपी घोड आणि भीमेच्या काठी येतो तेव्हा पातेल्याला तळ लागलेला असतो. इथे 500 मिलिमीटर झाला तरी माणसं म्हणतात, यंदा बरा झाला.

शेवटच्या पानावरच्या माणसानं वाढप्यावर नजर ठेवावी. पण बातमीत 'पुणे जिल्ह्यात चांगला पाऊस' असं ऐकलं, की न्हावऱ्याचा किंवा पाटसचा माणूस कोरड्या आभाळाकडे बघून बातमीलाच नावं ठेवतो. बातमी खोटी नसते, ती सगळ्या पंगतीची बेरीज असते. मावळ-मुळशीचा धो धो पाऊस तिच्यात मिसळलेला असतो. पाबळच्या किंवा रावणगावच्या पानात काय पडलं, ते कळतं महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटाच्या आकड्यातून. 'महावेध' प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं याच मंडळांसाठी उभी राहिली.

हा आकडा कोरडा वाटेल, पण बरंच काही त्यावर ठरतं. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात शिरूर आणि दौंड दोन्ही होते. पुढच्याच महिन्यात या तालुक्यांबाहेरच्या 1,021 महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली. तिथं निकष मंडळाच्या पावसाचा होता : सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी आणि 750 मिलिमीटरच्या आत. अतिवृष्टीचंही तसंच. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, की ती अतिवृष्टी. म्हणून पुन्हा सांगायचं ते हेच : जिल्ह्याचा नको, आपल्या मंडळाचा आकडा विचारा.

आणि दर वेळी पातेलं रिकामंच असतं असंही नाही. 25 मे 2025 ला मोसमी पाऊस तळकोकणात पोहोचला आणि त्याच सुमारास वाढप्यानं अख्खं पातेलं दौंड, बारामती, इंदापूरच्या पानात उपडं केलं. दौंडला एका दिवसात 100 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. स्वामी चिंचोलीजवळ पुणे-सोलापूर महामार्गावर पाणी आलं. मे महिन्यात, जेव्हा कांदा अजून वावरात किंवा वखारीत असतो तेव्हा! अशा वेळी कामी येतात हवामान खात्याचे इशारे. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे ताबडतोब हालचाल करा. पिवळा ऐकून ताडपत्री घडी घालून ठेवणाऱ्यांना थोडं रागावूनच सांगायला हवं. इशारा ऐकायचा तो ताडपत्री पसरण्यासाठी.

माहिती दूर नाही. शेतीच्या हवामानाचा विभाग पुण्यात 1932 सालीच सुरू झाला. आज हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. 'मेघदूत' अ‍ॅपवर तो मराठीतही मिळतो. आकाशातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आहे.

या आकड्यांचं काय करायचं, ते शेजारीच दिसतं. घोड ओलांडून नगरकडे गेलं की हिवरे बाजार लागतं. तिथं पर्जन्यमापकाच्या नोंदी ठेवतात, गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. एका एकरावर पडलेला 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 4,000 लिटर पाणी. हा हिशेब टाकळी हाजीत किंवा वरवंडमध्ये मांडायला काय हरकत आहे? उसाच्या लागणीआधी निदान एकदा...

असो. एवढंच करा. उद्या सकाळी तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला दोन गोष्टी विचारा : आपलं गाव कोणत्या मंडळात येतं आणि तिथं आजवर किती मिलिमीटर पाऊस झाला. तो आकडा घरातल्या कालनिर्णयावर, त्या दिवसाच्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा.