राग आणि रुसवा

राग आणि रुसवा यांना आम्ही एका पंक्तीस बसवीत नाही. राग बसच्या वाहकाचाही येतो. रुसावयास मात्र समजूत काढणारे आपले माणूस लागते. विहिणीचा रुसवा तर मानाचाच! संस्कृत ‘रुष्’ धातूचा, म्हणजे कोपाचाच, हा मवाळ वंशज. दिल्लीत मात्र पंचाईत होते. उर्दूतील फारसी ‘रुसवा’ म्हणजे बेअब्रू झालेला. ‘उमराव जान अदा’ (१८९९) लिहिणाऱ्या मिर्झा हादी यांनी हेच टोपणनाव घेतले होते. आमच्या करोल बागेतील मुलांना गझलेतला रुसवा ठाऊक. आजीवर रुसली तरी ती ‘मला गुस्सा आला’ म्हणतात. आजी बिचारी राग समजून गप्प बसते, आणि समजूत काढावयाची राहूनच जाते.