वादळ, वस्ती आणि अपंग व्यक्तींची यादी

चेन्नई महानगराच्या परिसरात ओरगडम नावाची दोन ठिकाणे आहेत. श्रीपेरुंबुदूरजवळचे ओरगडम मोटारींच्या कारखान्यांमुळे सर्वपरिचित आहे. प्रस्तुत विवेचनातील ओरगडम मात्र अंबत्तूर विभागातील निवासी वस्ती होय. अंबत्तूर २०११ मध्ये चेन्नई महापालिकेत समाविष्ट झाले. समुद्रकिनारा येथून बराच दूर असल्याने चक्रीवादळ ही किनाऱ्यावरील लोकांची चिंता आहे, असे येथील रहिवाशांना वाटले तर नवल नाही. डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळाने हा समज खोटा ठरवला. वादळाने भूमी गाठली ती ५ डिसेंबरला, आंध्र प्रदेशातील बापटलाजवळ. परंतु तत्पूर्वीच चेन्नईत अतिवृष्टी होऊन अंबत्तूरची औद्योगिक वसाहत जलमय झाली होती.

वाऱ्याचा जोर काही तासांचा असतो. साचलेले पाणी आणि खंडित वीज यांचा मुक्काम कित्येक दिवसांचा. अपंग व्यक्तीच्या दृष्टीने खरे संकट या दुसऱ्या टप्प्यात असते. उद्वाहक बंद पडला की वरच्या मजल्यावरील चाकाच्या खुर्चीतील माणूस घरातच अडकतो. प्राणवायू पुरवणारे यंत्र, विजेवर फुगणारी गादी, श्रवणयंत्राची विद्युतघटे ही सारी साधने विजेवाचून निकामी होतात. ध्वनिक्षेपकावरील सूचना कर्णबधिरास ऐकू येत नाही, तर दूरचित्रवाणीच्या पडद्याखालून सरकणारी पट्टी अंधास दिसत नाही. सुटकेसाठी नाव आलीच, तर माणसाला उचलून घेतले जाते आणि खुर्ची मागे राहते. घरात स्वतःची कामे स्वतः करणारी व्यक्ती मदत केंद्रात पोहोचताच सर्वस्वी परावलंबी होते. ही हानी कोणत्या पंचनाम्यात नोंदवायची?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या निकषांत आपत्तीमुळे अवयव किंवा डोळा गमावणाऱ्यास अपंगत्वाच्या प्रमाणानुसार ७४ हजार किंवा अडीच लाख रुपयांचे साहाय्य ठरवलेले होते. तरतूद योग्यच आहे. मात्र तिच्यात अपंगत्व दिसते ते आपत्तीचा परिणाम म्हणून. आपत्तीपूर्वीच अपंग असलेल्याचा विचार त्यासाठी स्वतंत्रपणे करावा लागतो.

तो विचार कायद्याने केलेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील अपंग व्यक्तींच्या तपशिलाची नोंद ठेवावयाची असून संकटाची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्थाही करावयाची आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१९ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. प्रश्न उरतो तो नोंदीच्या उपयुक्ततेचा. २०११ च्या जनगणनेत तमिळनाडूत सुमारे ११ लाख ८० हजार आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची गणना झाली. या आकड्यांवरून अंदाजपत्रक आखता येते. पण मध्यरात्री पाणी चढू लागल्यावर कोणते दार ठोठवायचे, हे समजत नाही. वैश्विक ओळखपत्रावर अपंगत्वाचा प्रकार व टक्केवारी असते; घर तळमजल्यावर आहे काय, औषध किती दिवस पुरेल, उचलण्यास किती माणसे लागतील, हे त्यावर नसते.

ही माहिती मिळवणे फार खर्चाचे आहे, असा आक्षेप घेतला जातो. अर्थशास्त्राच्या कसोटीवर तो टिकत नाही. मिचाँगनंतर तमिळनाडू शासनाने बाधित कुटुंबांना प्रत्येकी ६ हजार रुपये शिधावाटप दुकानांतून रोख दिले, तेही त्याच महिन्यात. तीव्र अपंगत्व असलेल्यांना तेथे दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. म्हणजे पैसा पोहोचवण्याची वाट शासनाला ठाऊक आहे. त्याच वाटेने वर्षातून एकदा चार प्रश्न विचारून येण्याचा अधिकचा खर्च अल्प आहे. खर्च खरा लागतो तो यादी ताजी ठेवण्यास, कारण माणसे घरे बदलतात, आजार वाढतात, सोबतीचा मुलगा परगावी नोकरीस जातो. नेमक्या याच आवर्ती खर्चाला अंदाजपत्रकात कोणी वाली नसतो. निवारा इमारतीचे उद्घाटन करता येते, यादीचे नाही.

जपानने २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर २०१३ मध्ये कायदा सुधारून अशी यादी करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले. एरवी ती संमतीनेच इतरांना द्यायची, प्रत्यक्ष संकटात मात्र संमतीवाचूनही वापरता येईल, अशी सोय त्यात आहे. एकट्या अपंग स्त्रीचा पत्ता चारचौघांत फिरणे धोक्याचे असल्याने ही काळजी आपल्याकडेही आवश्यक ठरेल. २०२१ मध्ये तेथे प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र स्थलांतर योजना तयार करण्याची जबाबदारीही स्थानिक संस्थांवर आली.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन परिसरातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अशा वेळी जिल्हा कार्यालयातील संगणकातली यादी निरुपयोगी असते. ती कागदावर, गावात आशा कार्यकर्ती वा पोलीस पाटलाजवळ आणि ओरगडमसारख्या वस्तीत प्रभागातील आरोग्य सेविकेजवळ असावी. प्रत्येक नावापुढे शेजारच्या दोन मदतनिसांची नावे असावीत आणि त्या मदतनिसांनी संबंधित व्यक्तीला कसे उचलायचे, हे तिच्याकडूनच शिकून घेतलेले असावे. चेन्नईत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो, म्हणून तेथे ही उजळणी सप्टेंबरात व्हावी. कोकणात ती एप्रिलमध्येच उरकावी लागेल.