निवृत्तिवेतन : खंड की बटई?



मार्च २०२३ आठवतो ना? १४ तारखेपासून आपल्या राज्यात शिक्षक, कारकून, परिचारिका, शिपाई असे लाखो कर्मचारी संपावर गेले. ऐन परीक्षांचे दिवस. दाखल्यासाठी कचेरीत गेलेला माणूस हात हलवीत परत आला. मोर्च्यांतून घोष एकच : ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. तेव्हा पारावर कुणी म्हणालेच असेल, “दरमहा पगार घेतात, वर पेन्शन कशाला?” प्रश्न रास्त आहे. म्हणून तंटा कशाचा, ते आज नीट पाहू.

तुम्ही जमीन खंडाने दिली, तर पीक येवो न येवो, ठरलेला खंड हाती पडतो. बटईने दिली, तर पिकेल तसा वाटा. जुनी पेन्शन खंडासारखी होती. पूर्ण सेवा झाली की शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा मिळे. महागाई वाढली की तीही वाढे. माणूस गेला, तर मागे कुटुंबाला आधार राही. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांसाठी शासनाने ही रीत बंद केली. आता पगारातून दरमहा १० टक्के कापले जाऊ लागले, शासनानेही भर घातली, आणि तो पैसा बाजारात गुंतवला जाऊ लागला. किती पिकेल, ते बाजार सांगणार. ही झाली बटई!

शासनाची बाजूही ऐकली पाहिजे. ज्या तिजोरीतून पेन्शन जाते, तिच्यातूनच रस्ते, बंधारे, शाळा होतात. तो भार वर्षानुवर्षे वाढतच जातो. पण १९८२ साली नाकरा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की पेन्शन ही धन्याच्या मर्जीची बक्षिसी नव्हे. ती केलेल्या सेवेतून उपजलेला हक्क आहे. कर्मचाऱ्यांचे बळ ते हेच.

संप २० मार्चला मिटला. त्याआधीच शासनाने तीन निवृत्त अधिकाऱ्यांची समिती नेमली होती. २००५ च्या त्या तारखेपूर्वी ज्यांच्या भरतीची जाहिरात निघाली होती, त्यांना २०२४ मध्ये जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत योजना ठरवली, आणि पाठोपाठ राज्यानेही ती स्वीकारली. तिच्यात कपात राहते, पण २५ वर्षे सेवा झाल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी आहे. म्हणजे बटईत पुन्हा थोडा खंड आला. सगळ्यांचे समाधान झाले असे नाही. पण एकजुटीवाचून एवढेही झाले नसते.

गुरुजी, आता एक गोष्ट तुम्हाला. तुमच्यामागे संघटना आहे. तुमच्या शाळेत ज्याची मुले शिकतात, त्या शेतमजुराच्या मागे कोण? म्हातारपण त्यालाही येणारच. २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. वय १८ ते ४० असलेला, आयकर न भरणारा माणूस बँकेत वा टपाल कचेरीत नाव घालू शकतो, आणि साठीनंतर त्याला भरण्याप्रमाणे दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी मिळते. रक्कम थोडी खरी, पण ठरलेली. हे त्याला समजावून सांगा, अर्ज भरून द्या. मग तुमच्या पुढच्या मोर्च्याच्या वेळी पारावरचा माणूस वाकडे बोलणार नाही. कदाचित तुमच्याबरोबर चार पावले चालेलही.