विमानतळाची सुरक्षा आणि आपली खाण



घुग्घुसच्या माणसाने विमानतळाविषयी बोलावे, हे थोडे गमतीचेच आहे. आपल्यातले बहुतेकजण विमान पाहतात ते मान वर करून! परंतु विमानतळांवर सुरक्षेची जी नवी व्यवस्था आली आहे, तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या खाणीतलाच आहे.

25 जुलै 2000 रोजी पॅरिसहून निघालेले काँकॉर्ड विमान कोसळले आणि 113 माणसे गेली. काही मिनिटांपूर्वी उडालेल्या दुसऱ्या एका विमानाची धातूची दीडेक फुटाची पट्टी धावपट्टीवर पडली होती. तिने टायर फाटला, त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीवर आदळला आणि आग लागली. ती पट्टी मुळात नीट बसवलेलीच नव्हती, असे चौकशीत निघाले. म्हणजे संकटाचा जन्म दुरुस्तीच्या शेडमध्ये झाला होता.

जुनी रीत अशी, की अपघात व्हावा, चौकशी बसावी आणि एकाला दोषी धरावे. नव्या व्यवस्थेत धोका आधी शोधायचा, तो किती मोठा हे ठरवायचे, उपाय करायचा आणि तो लागू पडला की नाही हे पुन्हा तपासायचे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2013 पासून यासाठी स्वतंत्र परिशिष्टच लागू केले. त्यातले मर्म मला एकाच गोष्टीत दिसते. थोडक्यात टळलेला प्रसंग जो स्वतःहून कळवील, त्याला त्या चुकीबद्दल शिक्षा नाही. जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईला मात्र माफी नाही.

डिसेंबर 2015 मध्ये मुंबई विमानतळावर एक तंत्रज्ञ विमानाच्या इंजिनात ओढला जाऊन मृत्यू पावला. तो प्रवासी नव्हता, जमिनीवर उभा राहून काम करणारा माणूस होता. विमानतळ म्हटले की आपल्याला वैमानिक आठवतो. सामान चढवणारा, झाडणारा, ट्रॅक्टर ओढणारा आठवत नाही. धोका आधी दिसतो तो पुष्कळदा त्यालाच.

आता आपल्याकडे या. 2017 च्या कोळसा खाण विनियमांनी प्रत्येक खाणीला सुरक्षा व्यवस्थापन आराखडा सक्तीचा केला. कामगार निरीक्षक आणि सुरक्षा समिती तर त्याआधीपासूनच आहेत. कागद चांगला आहे. मी तो दोनदा वाचला. पण एका कंत्राटदाराकडे, डंपरचा ब्रेक ढिला आहे असे सांगणाऱ्या चालकाला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवलेले मी पाहिले आहे. त्यानंतर त्या पाळीत कोणाचाच ब्रेक ढिला निघाला नाही!

ऑगस्ट 2022 मध्ये आपल्याच अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गेले. माणसे बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी खाण आहे हे म्हाताऱ्यांना ठाऊक होते. ते लिहून घेणारी वही कोणाकडे होती?

पुढच्या बैठकीत आमची मागणी ठरलेली आहे: समितीवर कंत्राटी कामगारही हवा, आणि तक्रारीच्या वहीत उत्तर देणाऱ्याची सही व तारीख हवी.