भजनाची पेटी



आपल्या वस्तीच्या भजनी मंडळापुढे सध्या एक प्रश्न आहे. मंडळाची पेटी जुनी झाली. भात्यातून हवा जाते. दोन सूर बोलत नाहीत. तरुण म्हणतात, "पेटी मोडीत काढू. विजेवरचे वाद्य आणू. एका बटनात पेटी, दुसऱ्यात तबला, तिसऱ्यात बासरी." वडील मंडळी म्हणतात, "आम्हाला पेटीच पाहिजे." वर्गणी मात्र एकच आहे. मग काय करावे? याविषयी चार शब्द सांगावे असे आम्हांस वाटले.

आधी पेटीची हकीकत ऐका. पेटी मूळची आपली नव्हे. हार्मोनियम युरोपात तयार झाला. त्याला पायाने हवा देत, खुर्चीवर बसून वाजवीत. आपल्या संगीत नाटकांतही अशी पायपेटी वाजत असे. पण आपले भजन म्हणजे सतरंजीवरची बैठक! म्हणून एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी हातपेटी बनविली. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने पट्ट्या. ती मांडीपुढे मावली आणि डोक्यावरून गावोगाव गेली. तेव्हा नवे यंत्र नकोच, असे आमचे म्हणणे नाही. पेटी हेही एके काळी नवे यंत्रच होते.

पेटीला विरोधही झाला. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. पेटीचे सूर ठरलेले, म्हणून तिच्यात मींड येत नाही. ही उणीव खरी आहे. अशा कारणांनी रेडिओने १९४० साली पेटीला बंदी केली. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हा ही बंदी चालूच होती. ती १९७१ साली सैल झाली. पण इतकी वर्षे देवळातली पेटी कोणी बंद केली का? नाही. लोकांनी ती सोडली नाही.

का सोडली नाही? पेटीच्या आत पितळेच्या बारीक जिभा असतात. त्यांनाच सूर म्हणतात. भात्याची हवा लागली की त्या थरथरतात आणि आवाज निघतो. भाता हळू दाबला तर आवाज हळू, जोराने दाबला तर मोठा. पियानो आपण सिनेमात पाहिला असेल. त्याचेही तसेच. बोट पट्टीवर पडले की आतली लहान हातोडी तारेवर पडते. बोट हलके तर हातोडी हलकी. म्हणून घरोघरी गाणे ऐकायची साधने आली, तरी लोक पियानो समोर बसून ऐकायला आजही जातात. माणसाच्या मनातले हातात येते, आणि हातातले वाद्यात उतरते.

आपल्या विदर्भाचे उदाहरण घ्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हातात काय होते? एक खंजिरी. वीतभर लाकडी कडे, त्याला चामडे आणि झांजा. तिच्यावर भजने म्हणून त्यांनी खेड्यापाड्यांत सफाई, व्यसनमुक्ती आणि एकोपा शिकविला. १९५५ साली ते जपानलाही जाऊन आले. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. वाद्य लहान असो, मोठे असो. वाजविणारा आणि ऐकणारा समोरासमोर असले पाहिजेत.

विजेच्या वाद्याचे गुणही सांगितले पाहिजेत. पहाटे एकट्याने गळा घोटायला विजेचा तंबोरा फार उपयोगी. पण यंत्रात भरलेला ठेका आपल्याच चालीने जातो. बुवांना ठसका लागला, तो थांबत नाही. बायांचा सूर चढला, तो ओळखत नाही. आपले पेटीवाले काका मात्र मान वर करून पाहतात, भाता आवरतात, वाट पाहतात. पेटी ऐकते, यंत्र ऐकत नाही. शिवाय वीज गेली, सेल संपले की यंत्र मुके.

आता कामाचे बोलू. पेटी दुरुस्त होते. भात्याची भेग बुजविता येते. उतरलेला सूर कारागीर बारीक कानशीने लावतो. जिभेचे टोक घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. हे काम घरी करू नका. आपल्या नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या कोरड्या हवेत लाकूड आकसते. पावसाळ्यात तेच फुगते आणि ढोलकीचे चामडे सैल पडते. म्हणून पेटी उन्हात किंवा ओल्या भिंतीशी ठेवू नका. वापर झाला की कपड्यात गुंडाळून खोक्यात ठेवा.

पण खरी काळजी पेटीची नाही, काकांची आहे. त्यांचे वय झाले. त्यांच्या शेजारी बसून शिकणारे आज कोणी नाही. पेटी आठ दिवसांत नीट होईल, हात तयार व्हायला वर्षे लागतात. काका आहेत तोवर हे झाले पाहिजे. म्हणून आमची सूचना अशी: वर्गणीतून पेटी दुरुस्त करा. दोन मुले आणि दोन मुली निवडा. आठवड्यातून दोन सांजा त्यांना काकांजवळ बसवा. ज्या तरुणांना बटनाचे वाद्य हवे आहे, त्यांनाच आधी बोलवा. त्यांना गाण्याची हौस आहे, हे आम्ही चांगले लक्षण समजतो.

येत्या बैठकीत हे मांडा, आणि ठराव वहीत आपल्याच हाताने लिहा. आता आपल्याला लिहिता येते.