माळरानापासून उपग्रह-दुव्यापर्यंत
(स्वागताध्यक्षीय भाषण, विश्रामबाग, सांगली)

उद्योगाला शासनाचा आधार लागतो. त्या आधाराचे रूप मात्र काळागणिक पालटते. सांगली जिल्ह्याने हे फार लवकर पाहिले. १९१० मध्ये बेळगाव सोडावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचे माळरान आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचला.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर हे काम महामंडळाकडे आले. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी स्थापन झाली. भूखंड, रस्ता आणि पाणी यांची तजवीज आधी, कारखाना नंतर, ही तिची रीत. मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहती त्याच रीतीने उभ्या राहिल्या.

सॉफ्टवेअरची निकड निराळी होती. त्याला माल ठेवायला गोदाम नको होते. परदेशी ग्राहकापर्यंत जाणारा खात्रीचा दुवा हवा होता. यासाठी १९९० मध्ये पुणे, बंगळुरू आणि भुवनेश्वर येथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू झाले. १९९१ च्या जूनमध्ये ते एकत्र येऊन 'सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया' म्हणजेच एसटीपीआय ही केंद्र सरकारची स्वायत्त संस्था झाली.

तिने उपग्रह भूकेंद्रे उभारली. स्वतःची यंत्रणा न परवडणाऱ्या छोट्या कंपन्यांनाही त्यामुळे परदेशाशी जोडणी मिळाली. नोंदणी झालेल्या निर्यातदाराला संगणक आणि इतर साहित्य सीमाशुल्काशिवाय आणता येई. तारेवरून जाणारे सॉफ्टवेअर बंदरावरच्या अधिकाऱ्याला दिसत नाही. म्हणून 'सॉफ्टेक्स' अर्जावर निर्यातीचे मूल्य प्रमाणित करण्याचे कामही या संस्थेकडे आले. नफ्यावरील आयकर सवलत ३१ मार्च २०११ रोजी संपली, पण संस्थेचे काम थांबले नाही. इंटरनेट सर्वत्र पोहोचल्यावर तिचा भर नवउद्योगांना जागा, प्रयोगशाळा आणि मार्गदर्शन देण्याकडे वळला. पुण्याबाहेर कोल्हापूर, नाशिक, नागपूर येथेही तिची केंद्रे झाली.

विश्रामबागेला या वाटचालीत हक्काचे स्थान आहे. १९४७ मध्ये सुरू झालेले आणि पुढे वालचंद हिराचंद यांचे नाव लाभलेले अभियांत्रिकी महाविद्यालय येथेच आहे. येथे शिकलेल्या कितीतरी अभियंत्यांनी पुण्याची वाट धरली, कारण पुण्यात दुवा, जागा आणि ग्राहक एकत्र मिळत होते. आता दुवा घरोघरी आला आहे. उरली ती जागा, पहिले भांडवल आणि पहिला ग्राहक. यांतला ग्राहक कुपवाडच्या यंत्रशाळांत आणि जिल्ह्याच्या साखर कारखान्यांत आहे. बाकीच्या दोन गोष्टी शासकीय संस्थांनी द्यायच्या आहेत, जशा एकेकाळी माळरान आणि कर्ज दिले गेले.

या कामासाठी जमलेल्या उद्योजकांचे, अधिकाऱ्यांचे, अध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे विश्रामबागेत मनःपूर्वक स्वागत.